उद्याच्या अन्नाचा विचार : चिंता की कर्तव्य?

गृहस्थाश्रमातील काही प्रश्न इतके लहान वाटतात की त्यांचा कोणी विचारच करीत नाही. आणि विचार होत नाही म्हणूनच त्यांतून उपजणारे दुःख वर्षानुवर्षे तसेच राहते. ‘आज रात्री जेवायला काय करायचे?’ हा त्यांपैकी एक प्रश्न होय. दिवेलागणीच्या सुमारास तो घरोघर उभा राहतो, आणि वर्षातून ३६५ वेळा उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्याचे काम बहुधा एकाच व्यक्तीकडे असते. इतरांस विचारावे, तर ‘काहीही कर’ असे उत्तर मिळते. आणि खरोखरच काहीही केले, तर ‘आज पुन्हा हेच का?’ असे ऐकावे लागते.

यावर उपाय म्हणून अनेक कुटुंबांत आता आठवड्यातून एकदा सर्वांनी बसून पुढील सात दिवसांच्या रात्रीच्या जेवणाचा बेत ठरविण्याची व त्याप्रमाणे बाजार करण्याची पद्धत रूढ होत आहे. वरवर पाहता ही केवळ सोयीची गोष्ट आहे. परंतु धर्माचा विचार करणाऱ्या काही सज्जनांच्या मनात तिच्याविषयी तीन शंका येतात. पहिली शंका अशी की, योगक्षेमाचा भार भगवंताने स्वतःवर घेतला असता सात दिवसांच्या अन्नाची तजवीज आधी करणे हा अविश्वास नव्हे काय? दुसरी अशी की, सात दिवस काय खायचे याचाच विचार करीत बसणे म्हणजे जिभेचे दास्य नव्हे काय? आणि तिसरी अशी की, सर्व दिवस आधीच ठरून गेले, तर न ठरता येणाऱ्या अतिथीने जावे कोठे? या शंका पोकळ नाहीत. त्यांचे समाधान शोधता शोधता गृहस्थाच्या धर्माचे एक दुर्लक्षित अंग उघड होते.

पहिली शंका : अविश्वास

गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभक्ताच्या योगक्षेमाचे आश्वासन आहे, हे खरे. परंतु ज्याला ते आश्वासन दिले त्याच अर्जुनाला धनुष्य खाली ठेवण्याची मुभा मात्र दिलेली नाही. आश्वासन चिंता टाकण्यासाठी आहे, कर्म टाकण्यासाठी नाही. चिंता आणि योजना या दोन भिन्न वृत्ती आहेत. चिंतेची दृष्टी फळावर खिळलेली असते आणि ती हातांना जड करते. योजनेची दृष्टी पुढच्या कर्मावर असते आणि ती हातांना काम देते. चिंता करणारा रात्रभर जागा राहतो. योजना करणारा झोपण्यापूर्वी कडधान्य भिजत घालतो आणि स्वस्थ झोपतो.

अन्नाचा स्वभावच असा आहे की ते पूर्वविचार मागते. मंगळवारी मटकीची उसळ हवी असेल, तर रविवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते. सोमवारी सकाळी ती उपसून ओल्या फडक्यात बांधावी लागते. तेव्हा मंगळवारी तिला चांगले मोड येतात. शनिवारी इडली करावयाची, तर शुक्रवारी सकाळी तांदूळ व उडदाची डाळ भिजली पाहिजे आणि रात्रीपूर्वी ती वाटून झाली पाहिजे. राजमा किंवा छोले रात्रभर पाण्यात राहिल्यावाचून नीट शिजत नाहीत. दह्याला विरजण आदल्या रात्रीच लागते. मनुष्याने कितीही घाई केली, तरी धान्य आपला वेळ घेतेच.

आता या मोड येण्याच्या क्रियेकडे पाहावे. मटकी निवडणे, भिजविणे, बांधणे एवढे मनुष्याच्या हाती असते. मोड काढणे त्याच्या हाती नसते. थंडीच्या दिवसांत ते उशिरा येतात, दाणा किडका असला तर येतच नाहीत. भिजविणाऱ्याने आपले काम केले आहे. अंकुराचे काम अंकुराचे. कर्मावर अधिकार आणि फळावर अनधिकार हा जो सिद्धांत मोठमोठ्या सभांत सांगितला जातो, तो स्वयंपाकघरातील ओल्या फडक्यात नित्य सिद्ध होत असतो.

अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. स्वयंपाकाला ती जशीच्या तशी लागू पडतात. घर हे अधिष्ठान. रांधणारी व्यक्ती कर्ता. चूल, भांडी व धान्य ही करणे. निवडणे, चिरणे, ढवळणे, परतणे या चेष्टा. आणि ऐन वेळी गॅस संपणे, मुलाला ताप येणे, दारात पाहुणा उभा राहणे हे दैव. योजना पहिल्या चार कारणांची असते. पाचव्याची योजना होत नाही. ज्याला हे समजले, त्याला योजना करण्यात अविश्वास दिसत नाही आणि ती मोडल्यास क्रोधही येत नाही.

दुसरी शंका : जिभेचे दास्य

या शंकेचे उत्तर अनुभव देतो. जिभेचे दास्य केव्हा अधिक असते? रविवारी दुपारी पोट भरलेले असता, पंचांग पुढे ठेवून, घरातील वृद्धांचे पथ्य आणि मुलांची वाढ ध्यानात घेऊन ठरविताना? की सायंकाळी साडेसात वाजता, सर्वजण थकलेले व भुकेलेले असता, घरात काही तयार नाही असे पाहून भ्रमणध्वनीवर बोट ठेवून बाहेरचे चमचमीत अन्न दारात मागविताना? भुकेच्या वेळी निर्णय जीभ घेते. तृप्तीच्या वेळी तो बुद्धी घेऊ शकते. म्हणून आधी ठरविणे हा इंद्रियनिग्रहाचा सोपा मार्गच आहे.

शिवाय रुची ही काही त्याज्य वस्तू नव्हे. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन करताना आयुष्य, सत्त्व, बल व आरोग्य यांच्याबरोबर सुख आणि प्रीती यांचीही वाढ सांगितली आहे. अन्न रसयुक्त व मनाला आवडणारे असावे, हे सात्त्विकतेच्या लक्षणांतच आहे. आधुनिक आहारशास्त्रही वैविध्याचाच आग्रह धरते. तांदूळ, गहू आदी धान्यांत लायसिन हे प्रथिनघटक कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यांत मिळते. म्हणून वरण-भात, उत्तरेचा राजमा-चावल, तमिळनाडूचे पोंगल आणि सर्व देशाची खिचडी या जोड्या केवळ चवीच्या नाहीत, पोषणाच्याही आहेत.

योजना ही कल्पना परकी आहे असेही नाही. आपल्या घरांतील पंचांग हे प्राचीन काळापासून अन्नाची योजनाच करीत आले आहे. एकादशीला भगर व शेंगदाण्यांची आमटी, द्वादशीला पारणे, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिसळीची भाजी, चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य, हे सर्व आधीच ठरलेले असते. गुजरातेत श्रावण वद्य षष्ठीस ‘रांधण छठ’ म्हणून दुसऱ्या दिवशीचेही अन्न शिजवून ठेवतात आणि शीतळा सातमीस चूल पेटवीत नाहीत. उत्तर भारतात होळीनंतरच्या शीतळा अष्टमीस ‘बासोडा’ म्हणून असाच आदल्या दिवशीचा आहार घेतात. त्या दिवशी चुलीला विश्रांती मिळते. आणि चुलीला मिळते म्हणून रांधणारीलाही मिळते. ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

येथे एक उपशंका निघते. गीतेने शिळे अन्न तामस म्हटले आहे. मग सात दिवसांचा स्वयंपाक आधी करणे कसे योग्य? त्याचे उत्तर असे की, योजना म्हणजे आधी शिजविणे नव्हे. बेत ठरविणे, धान्य निवडणे, डाळी भिजविणे, कोरड्या चटण्या करून ठेवणे हे आधी करावे. शिजवावे त्या दिवशीच. शीतळेचा दिवस हा वर्षातील अपवाद आहे, नित्याचा नियम नव्हे. उरलेला भात तर फार वेळ उबदार हवेत उघडा ठेवू नये. तो लवकर थंड करून शीतपेटीत ठेवावा, नाही तर त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंपासून अपाय होऊ शकतो. योजनेचा एक मोठा लाभ हाच की, उरते कमी.

योजनेचा खरा प्रश्न

तिसऱ्या शंकेकडे वळण्यापूर्वी, या तिन्ही शंकांत न आलेला एक प्रश्न विचारात घेतला पाहिजे, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अन्न शिजविणे हे श्रम आहेत हे सर्वांना दिसते. परंतु काय शिजवावे हे ठरविणे, कोणाला काय चालते हे लक्षात ठेवणे, डबे रिते होण्यापूर्वी ते जाणणे हेही श्रम आहेत. आणि ते दिसत नाहीत. भारत सरकारने २०१९ मध्ये केलेल्या कालविनियोग सर्वेक्षणात असे आढळले की, घरच्या विनावेतन कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. हातांनी केलेल्या कामाची ही गणना आहे. भाजी निवडताना उद्याचा आणि अंथरुणावर पडल्यावर परवाचा विचार करणारे जे मन, त्याची मिनिटे कोण मोजणार?

महाभारताच्या वनपर्वात सत्यभामेशी झालेल्या संवादात द्रौपदी सांगते की, पांडवांच्या सर्व आयव्ययाचा हिशेब तिला ठाऊक असे आणि सर्वांचे जेवण झाल्यावर ती जेवीत असे. त्याच पर्वात सूर्याने दिलेल्या पात्राची कथा आहे. द्रौपदी जेवेपर्यंत त्या पात्रातील अन्न सरत नसे. तिचे जेवण झाले की त्या दिवसापुरते ते सरे. ही कथा बहुधा पात्राचे ऐश्वर्य सांगण्यासाठी ऐकविली जाते. परंतु गृहस्थाने तिच्यातील दुसरी गोष्टही पाहावी. त्या पात्राला द्रौपदी जेवली की नाही हे कळत असे. आज कित्येक घरांत ते कोणालाच कळत नाही. सर्व तृप्त होऊन उठतात, आणि मागे स्वयंपाकघरात कढईच्या तळाशी काय उरले याची विचारपूस कोणी करीत नाही.

जे अन्न शिळे व उष्टे म्हणून इतरांस वर्ज्य, तेच रांधणारीला पथ्यकर कसे ठरते? तामस अन्नाचा दोष खाणारा पाहून बदलत नाही. ‘तिला चालते’ असे म्हणणे हा धर्म नव्हे, तो आपल्या सोयीला दिलेला धर्माचा वेष होय. तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्यास पापाचा भागी म्हटले आहे. मग जो दुसऱ्याकडून केवळ स्वतःसाठी शिजवून घेतो आणि शिजविणारीच्या पानाकडे पाहतही नाही, त्याचा निवाडा त्याने स्वतःच करावा.

इंदूरसारख्या शहरातील एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. घरात आजी-आजोबा, मुलगा, शाळेत शिकविणारी सून आणि दोन नातवंडे आहेत. रविवारी दुपारी बेत ठरविण्यास सर्व बसले आहेत. आजोबांना दात नाहीत, म्हणून सोमवारी मुगाची मऊ खिचडी व कढी ठरली. मुलांसाठी मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी ज्वारीची भाकरी व पालेभाजी. शुक्रवारी आजींची एकादशी, म्हणून भगर. शनिवारी द्वादशीचे वरण-भात. आणि रविवारी माळव्याच्या रीतीप्रमाणे दाल-बाफले, तेही मुलाने व नातवंडांनी मिळून करावयाचे. गुरुवार तेवढा रिकामा राहिला. आजोबांनी विचारले, “सूनबाई, तुझ्या आवडीचे यात काय आले?”

ती म्हणाली, “मला काय बाबा, सगळे चालते.”

आजोबांनी मग मुलाकडे पाहिले, नातवंडांकडे पाहिले. बारा वर्षे जिच्या हातचे सर्वजण जेवले, तिला काय आवडते हे कोणासही सांगता येईना. आजी म्हणाल्या, “अगं, सांग तरी.” पुष्कळ वेळाने, आठवून आठवून ती म्हणाली, “आमसुलाचे सार आणि गरम भात. माहेरी पावसाळ्यात करीत.” गुरुवारच्या जागी ते लिहिले गेले.

अशी घटना पुष्कळ घरांत घडू शकेल, आणि तीत दोष कोणा एकाचा नसेल. न विचारण्याची सवय आणि न सांगण्याची सवय या दोन्ही एकाच घरात शेजारी शेजारी वाढतात. रोजच्या घाईत हा प्रश्न विचारलाच जात नाही. सात दिवस एकत्र पुढे ठेवले म्हणजे कोणाचे नाव राहून गेले ते दिसते. बेताचा कागद हा या अर्थाने घराचा आरसा आहे.

तिसरी शंका : अतिथी

‘अतिथी’ या शब्दाचा परंपरेने दिलेला अर्थच असा की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. सर्व तिथी ठरवून टाकणाऱ्या घरात त्याला जागा उरते काय? ही शंका तिन्हींत सर्वांत बलवान आहे. मोजून चार माणसांच्या बारा पोळ्या करणारे घर व्यवस्थित खरे, पण त्या व्यवस्थेत तेराव्या पोळीचा विचार नसेल, तर ती व्यवस्था कृपणतेकडे झुकते. तैत्तिरीय उपनिषद वसतीस आलेल्या कोणासही परत न पाठविण्याचे व्रत सांगते आणि त्यासाठी अन्न विपुल मिळवावे असेही सांगते. भागवताच्या नवव्या स्कंधातील रंतिदेव ४८ दिवसांच्या उपवासानंतर मिळालेले अन्न एकामागून एक आलेल्या अतिथींस देतो आणि शेवटी राहिलेले पाणीही तहानलेल्यास देतो.

परंतु अतिथीला जागा योजनेमुळे मिळते की योजनेच्या अभावामुळे, हे पाहिले पाहिजे. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबातील लंगर पाहावा. तेथे आज कोण येणार आणि किती येणार हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही येणारा उपाशी परतत नाही. धान्याची साठवण, डाळीच्या कढया, पोळ्या लाटणारे सेवेकरी हे सर्व काटेकोर ठरलेले असते म्हणूनच न ठरलेल्यांचे स्वागत होते. पुरीच्या जगन्नाथाच्या स्वयंपाकघरात नैवेद्याच्या वेळा व पदार्थ परंपरेने निश्चित आहेत, आणि तोच महाप्रसाद असंख्य अनोळखी यात्रेकरूंच्या मुखी जातो. अतिथीची तिथी ठरविता येत नाही. त्याचा वाटा मात्र ठरविता येतो. घरात काहीच ठरलेले नसेल, तर अचानक आलेला पाहुणा संकट वाटतो. वाटा ठरलेला असेल, तर तो केवळ आपला वाटा घेण्यास आलेला असतो.

आणि ज्या दिवशी अतिथी येत नाही, त्या दिवशी तो वाटा वाया जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचे भांडे ही पाच हिंसास्थाने सांगितली आहेत आणि त्या दोषाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. शिजविण्यात सूक्ष्म जीवांची हिंसा टळत नाही. ते अन्न कोणाच्या तरी प्राणांस उपयोगी पडावे, एवढेच गृहस्थाच्या हाती असते. जे केरात गेले, त्याची हिंसा झाली आणि यज्ञ मात्र झाला नाही.

व्यवहारात काय करावे?

वरील विचारातून गृहस्थाने पुढील नियम ध्यानात ठेवावेत :

(१) बेत एकाने ठरवू नये. आठवड्यातील एक निश्चित वेळ ठेवून घरातील लहानथोर सर्वांनी बसावे. ‘काहीही चालेल’ हे उत्तर स्वीकारू नये. ते नम्रतेचे वाटले, तरी निर्णयाचा भार दुसऱ्यावर ढकलते.

(२) प्रथम पंचांग, मग वृद्धांचे व रुग्णांचे पथ्य, मग मुलांचे पोषण, आणि शेवटी आवड, या क्रमाने विचार करावा. परंतु आवडीच्या यादीत रांधणाऱ्या व्यक्तीचे नाव आधी लिहावे.

(३) सातांपैकी किमान एक दिवस नित्य रांधणाऱ्या व्यक्तीस पूर्ण विश्रांती असावी. त्या दिवशी मुलग्यांनी व पुरुषांनी स्वयंपाक करावा, भांडी घासून ओटा पुसण्यापर्यंत करावा. अर्धे काम करून मोठी कौतुके घेऊ नयेत.

(४) एक दिवस कोरा ठेवावा. त्या दिवशी आठवड्यात उरलेले धान्य व भाज्या उपयोगात आणाव्यात. उरलेले अन्न खाण्यायोग्य असेल, तर ते सर्वांच्या पानांत थोडे थोडे वाढावे. एकाच्याच पानात नको.

(५) रोज एका माणसाचा शिधा अधिक धरावा. कोणी आले, तर उत्तम. न आले, तर शेजारच्या एकट्या वृद्धास, रखवालदारास अथवा घरी काम करणाऱ्या बाईंस तो ताजा असतानाच आदराने द्यावा. दुसऱ्या दिवशी शिळा झाल्यावर देणे हे दान नव्हे.

(६) बेत मोडला तर रागावू नये. बुधवारची पालेभाजी शुक्रवारी झाली म्हणून काही बिघडत नाही. त्यावरून घरात कठोर शब्द उच्चारले गेले, तर मात्र सात दिवसांचे पुण्य एका सायंकाळी सरते.

योजना ही दासी असावी, स्वामिनी नव्हे. कागदावरील सात ओळी पाळण्यासाठी माणसे नाहीत. माणसांनी एकमेकांकडे पाहावे यासाठी त्या सात ओळी आहेत. उद्याच्या अन्नाचा विचार स्वतःच्या पोटापुरता केला, तर तो चिंता होतो. तोच विचार दात नसलेल्या आजोबांसाठी, वाढत्या मुलांसाठी, अनोळखी अतिथीसाठी आणि सर्वांत शेवटी पाट घेणाऱ्या गृहिणीसाठी केला, तर तो यज्ञाची पूर्वतयारी होतो. म्हणून प्रत्येक गृहस्थाने येत्या रविवारी कागद घेऊन बसताना पहिला प्रश्न ‘काय करायचे?’ असा विचारू नये; ‘आजवर कोणाला विचारले नाही?’ असा विचारावा. त्याचे उत्तर मिळाले, म्हणजे बेत आपोआप ठरेल. आणि जेवणाच्या वेळी सर्वांची पाने एकदमच मांडली जातील.